स्त्रीबीजाची गुणवत्ता सुधारण्याची प्रयोगशाळेतील तंत्रे

पस्तिशी-चाळिशी ओलांडलेल्या स्त्रीच्या बीजापासून निरोगी भ्रूण तयार व्हावा, यासाठी शरीराबाहेर, सूक्ष्मदर्शकाखाली त्या बीजावर केल्या जाणाऱ्या प्रक्रिया. आयव्हीएफचा (टेस्ट ट्यूब बेबी) हा पुढचा टप्पा मानला जातो. यांतील ‘गुणवत्ता’ हा शब्द मात्र जपून वापरावा लागतो. गोल, नितळ, पाठ्यपुस्तकातल्या चित्रासारखे दिसणारे बीज आतून गुणसूत्रांचा हिशेब चुकलेले असू शकते आणि ओबडधोबड बीजापासूनही धडधाकट मूल जन्मते.

मुलगी जन्मते तेव्हा तिच्या अंडाशयांत १० ते २० लाख बीजे असतात. वयात येईपर्यंत ३ ते ४ लाख उरतात. ही सारी बीजे ती आईच्या पोटात असतानाच तयार झालेली असतात आणि विभाजनाच्या मध्यावर थांबलेली असतात. म्हणजे ४० वर्षांच्या स्त्रीचे बीज तिच्याहून काही महिने मोठेच असते. एवढा काळ गुणसूत्रांच्या जोड्या कोहेसिन नावाच्या प्रथिनाच्या कड्यांनी बांधून ठेवलेल्या असतात. उंदरांवरील प्रयोगांतून दिसते, की ही कडी एकदाच घातली जातात. झिजली की नवी मिळत नाहीत. मग बीज पक्व होताना जोड्या वेळेआधीच सुटतात आणि एखादे गुणसूत्र भलत्याच बाजूला जाते. चाळिशीनंतर निम्म्याहून अधिक बीजांत असा घोटाळा आढळतो. गर्भधारणा न होणे आणि लवकर गर्भपात होणे यांमागे बऱ्याचदा हेच असते. डाउन सिंड्रोम असलेले मूल जन्मण्याची शक्यता २५व्या वर्षी सुमारे १,२५० मध्ये १ असते, ती ४०व्या वर्षी १०० मध्ये १ होते, ती याचमुळे. दुसरा दोष पेशीद्रवात, म्हणजे गुणसूत्रांभोवतीच्या द्रवात. बीजाला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) वयानुसार मंदावतात. आजवरची बहुतेक गाजलेली तंत्रे या दुसऱ्या दोषाच्या मागे लागली. पहिला दोष हात लावायला अवघड होता.

पेशीद्रव-रोपण हे त्यांतले पहिले. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात झाक कोएन आणि सहकाऱ्यांनी ते वापरले. कल्पना साधी होती : तरुण दात्रीच्या बीजातला पेशीद्रवाचा थेंब घ्यायचा आणि शुक्राणूसोबत इच्छुक मातेच्या बीजात सोडायचा. प्रत्यक्ष काम असे चालते. बीजाभोवतीचा पेशींचा चिकट गोळा विकराने (एन्झाइमने) सोडवून घेतात. मग उरतो मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढा गोल. डावीकडून एक बोथट काचनळी त्याला अलगद ओढीने धरून ठेवते. बीजाबाहेर पडलेला छोटा ध्रुवीय पिंड घड्याळातल्या १२ किंवा ६ च्या जागी येईल असे ते फिरवतात. कारण गुणसूत्रे बहुधा त्याच्याच लगत असतात आणि सुईची नोक तिथे जाता कामा नये. उजवीकडून, ३ च्या जागेवरून, सुई आत शिरते. बीजाचे आवरण आधी रबरासारखे ताणले जाते, मग फुटते. वयस्क बीजांत ते कधी फारच सहज फुटते आणि बीज तिथल्या तिथे विरघळते. या पद्धतीने मुले जन्मली. २००१ मध्ये त्यांतील काहींच्या पेशींत दात्रीचा तंतुकणिकीय डीएनए सापडल्याचे प्रसिद्ध झाले आणि ‘तीन पालकांचे मूल’ हा शब्दप्रयोग वर्तमानपत्रांत रुळला. काही गर्भांत एक्स गुणसूत्राची उणीवही आढळली होती. त्याच वर्षी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने परवानगीशिवाय हे करण्यास मनाई केली आणि तंत्र थांबले. थेंबातल्या नेमक्या कोणत्या घटकाने गुण दिला, की गुण आलाच नव्हता, हे तुलनागट नसल्यामुळे कधी ठरलेच नाही.

दात्रीचा वाद टाळण्यासाठी पुढे स्त्रीच्याच अंडाशयाच्या सालीतून काढलेल्या पेशींच्या तंतुकणिका तिच्याच बीजात सोडण्याची पद्धत ‘ऑगमेंट’ या नावाने विकली गेली. २०१५ मध्ये कॅनडात असे पहिले मूल जन्मले आणि मोठा गाजावाजा झाला. स्पेनमधील चाचणीने मग सरळ मार्ग धरला : एकाच स्त्रीची बीजे दोन गटांत वाटली, एका गटाला तंतुकणिका दिल्या, दुसऱ्याला नाही. फरक पडला नाही. चाचणी मध्येच थांबवावी लागली. २०१९ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. या क्षेत्रात इतकी स्वच्छ चाचणी क्वचितच होते, म्हणून तिचे मोल अधिक.

तर्कू-रोपणात उलटा विचार आहे. थेंब इकडे आणण्याऐवजी मातेची गुणसूत्रेच तिकडे न्यायची. गुणसूत्रे ज्या तंतूंवर मांडलेली असतात त्या रचनेला तर्कू म्हणतात. जुन्या टकळीच्या चातीसारखी ती मध्ये जाड, टोकांना निमुळती असते. साध्या प्रकाशात ती दिसत नाही, ध्रुवित प्रकाशात चमकते. लेसरने बीजाच्या कवचाला भोक पाडून ती उचलतात आणि ज्याचा तर्कू काढून टाकला आहे अशा दात्रीच्या बीजात, पेशी एकमेकींना जोडणाऱ्या पण निष्प्रभ केलेल्या सेंडाई विषाणूच्या साहाय्याने मिसळवतात. तंतुकणिकांचे आनुवंशिक आजार टाळण्यासाठी विकसित झालेले हे तंत्र ग्रीसमधील एका पथदर्शी चाचणीत वंध्यत्वासाठी वापरले गेले. पहिले मूल २०१९ मध्ये, आणि एकूण २५ जोडप्यांना मिळून सहा मुले झाली. त्यांतल्या एका मुलात मातेच्या तंतुकणिकांचे प्रमाण अनपेक्षितपणे वाढलेले आढळले. चाचणीतल्या स्त्रिया चाळिशीच्या आतल्या होत्या, ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. वयस्क बीजाची सुटू लागलेली गुणसूत्रे नव्या घरात नेली तरी सुटलेलीच राहणार.

भ्रूणाची गुणसूत्र-तपासणी (पीजीटी-ए) बऱ्याचदा याच यादीत घातली जाते. ते चूक आहे. ती भ्रूण निवडते, सुधारत नाही; आणि पाच दिवसांपर्यंत वाढलेला एकही भ्रूण नसेल तर निवडायलाही काही नसते. तरुणपणी बीजे गोठवून ठेवणे हा प्रतिबंध झाला, उपचार नव्हे. वितळवलेले बीज गोठवतेवेळच्या वयाचेच राहते, म्हणून विशी-तिशीत गोठवले तर ते उपयोगी ठरते आणि चाळिशीत गोठवले तर फारसे नाही.

पहिल्या दोषाला थेट हात घालणारे काम अलीकडचे आहे. कोहेसिनची राखण करणाऱ्या शुगोशिन या प्रथिनाचे प्रमाण वयाबरोबर घटते; नाव जपानी आहे, अर्थ रक्षक देवता. जर्मनीतील मेलिना शू यांच्या गटाने त्याची भर बीजात सुईने घालून पाहिली, तेव्हा गुणसूत्रांच्या जोड्या अवेळी सुटण्याचे प्रमाण कमी झाले. ही बीजे प्रयोगासाठी दान केलेली होती. त्यांपासून गर्भधारणा करण्यात आलेली नाही.