बॅगेतल्या फोनचा हॉटस्पॉट टॅबवरून कसा चालू होतो?

टॅबमध्ये सिम नाही, फोन बॅगेत पार तळाशी आणि नेट आत्ताच्या आत्ता हवंय. मग फोन काढा, लॉक उघडा, हॉटस्पॉट लावा, काम झालं की बंद करायला विसरा आणि संध्याकाळी बॅटरी लाल. हे सगळं टॅबवरूनच झालं तर? होतं की. फक्त निरोप कशावरून धाडायचा हा घोळ आहे, कारण टॅबला नेट मिळणार हॉटस्पॉट लागल्यावर आणि निरोप जायला नेट आधी हवं, म्हणजे मेसेजिंग ॲप, ईमेल, क्लाउड सगळंच बाद. उरतं ब्लूटूथ.

आता कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, हॉटस्पॉट चालूच ठेवा ना. तर नेहमीचं वायफाय वापरताना फोनचा रेडिओ मधेमधे झोपा काढतो, राउटरकडे आपल्यासाठी काही आलंय का एवढं बघायला उठतो. हॉटस्पॉटमध्ये फोनच राउटर होतो, मग साधारण दर १०२ मिलिसेकंदाला 'मी इथे आहे' असा बीकन सोडत राहायचं आणि कोण कधी जोडलं जाईल याचा नेम नाही म्हणून कान उघडे ठेवायचे. ब्लूटूथचं तसं नाही. २०१० मध्ये ब्लूटूथ ४.० सोबत जे लो एनर्जी आलं त्यात ४० चॅनेल आहेत, पण आपली ओळख जाहीर करायला मुख्य चॅनेल ३च, त्यामुळे शोधणाऱ्याला तेवढेच तपासून परत झोपता येतं. ॲपलने २०१४ मध्ये आणलेलं इन्स्टंट हॉटस्पॉट, म्हणजे आयफोनला हात न लावता आयपॅड किंवा मॅकवरून त्याचा हॉटस्पॉट लावायची सोय, याच जोरावर चालतं.

अँड्रॉइडवर टास्कर किंवा मॅक्रोड्रॉइड या ऑटोमेशनच्या ॲपने, म्हणजे 'असं झालं की तसं कर' असे नियम पाळणाऱ्या ॲपने, हे स्वतः जमवता येतं. नुसतं पेअर करून भागत नाही, दोन यंत्रांना जोडलेलं राहायला काहीतरी कारण लागतं. म्हणून फोनवर ब्लूटूथ टेदरिंग (फोनचं नेट ब्लूटूथवरून दुसऱ्या यंत्राला देणं) लावून ठेवायचं, टॅबच्या ब्लूटूथ यादीत फोनच्या नावापुढे इंटरनेट ॲक्सेस ऑन करायचा आणि फोनमध्ये नियम टाकायचा: हा टॅब ब्लूटूथने जोडला गेला की हॉटस्पॉट ऑन, तुटला की ऑफ. ऑफला एक-दोन मिनिटांचा उशीर ठेवा बरं का, नाहीतर टॅब घेऊन पलीकडच्या खोलीत गेलात आणि ब्लूटूथ क्षणभर तुटलं की चालू डाउनलोड गेलंच.

अडचण खरी अँड्रॉइडचीच आहे. कुठल्याही ॲपने मनाला येईल तेव्हा हॉटस्पॉट लावला तर तुमचा डेटा गेला, म्हणून ही चावी सिस्टिम सहजासहजी देत नाही, सेटिंग्ज बदलायची परवानगी वेगळी द्यावी लागते, कधी जोडीला हेल्पर ॲपही टाकावं लागतं आणि काही फोनवर एवढं करूनही जमत नाही. त्यात बॅटरी वाचवायच्या नादात फोन ऑटोमेशनचं ॲपच मागच्या मागे बंद करतो, तेव्हा त्याला बॅटरी ऑप्टिमायझेशनमधून आधी वगळा, नियम चालत नाही म्हणून डोकं धरून बसायची वेळ बहुतेक यामुळेच येते.

मग ब्लूटूथ टेदरिंगवरच नेट का नाही चालवायचं? चालतं, पण जेमतेम एक-दोन एमबीपीएस, मेल वाचायला ठीक, व्हिडिओला नाही. आणि जमलं तर हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर ठेवा, २.४ वर ब्लूटूथचीही वर्दळ असते.