दाखला आणि डीईआयसी: आवार एक, कामं दोन

"अजून दाखलाच नाई भेटला मॅडम, मंग इलाज कसा सुरू करावं?"

डाऊन सिंड्रोम (जन्मतःच एक क्रोमोझोम जादा) असलेल्या बाळाचे आईबाप हा प्रश्न विचारतात, आजी विचारते, कधी कधी तर आशाताईसुद्धा विचारते. तालुक्यात विशेष शिक्षिका म्हणून फिरताना तो इतक्यांदा कानावर आला आहे की आता उत्तर लिहूनच ठेवते. दिव्यांगत्वाचा दाखला वेगळा आणि डीईआयसीत, म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, मिळणारा उपचार वेगळा. दोन्ही कामं बहुतेक जिल्ह्यांत सरकारी दवाखान्याच्या एकाच आवारात चालतात, दोन्हीकडे चिठ्ठी काढावी लागते, दोन्हीकडे लेकरू मांडीवर घेऊन बाकावर बसावं लागतं. म्हणून माणसाला वाटतं, आधी हे झालं पाहिजे, मग ते. तसं काही नाही. डाऊन सिंड्रोम असलेल्या बाळाच्या उपचाराला दाखला लागत नाही.

दाखल्याबद्दल फार सांगायला नको, गावात कोणाच्या ना कोणाच्या घरी तो असतोच. सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज, डॉक्टरांच्या मंडळासमोर तपासणी, टक्केवारी, मग युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र. ४० टक्के किंवा जास्त भरले की संजय गांधी निराधारचा अर्ज, एसटीची सवलत असं पुढचं सगळं त्यावर चालतं. (पोर्टलवरच्या अर्जाला सरकारी फी नाही. "साहेबांशी बोलून ठेवतो" म्हणत हजार-दोन हजार मागणाऱ्या दलालाला चहासुद्धा पाजू नका.) आपल्या घरांना अडकवणाऱ्या गोष्टी दोनच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार दिले आहेत, त्यांत डाऊन सिंड्रोम असं वेगळं नाव नाही. अर्ज बौद्धिक दिव्यांगत्वाखाली करायचा. आणि क्रोमोझोमचा रिपोर्ट, म्हणजे कॅरिओटाइप, पुढे ठेवला म्हणून टक्के ठरत नाहीत. २१ व्या क्रोमोझोमची एक प्रत जादा आहे, एवढंच तो सांगतो. टक्के ठरतात बुद्धीच्या आणि रोजच्या वागण्याच्या चाचण्यांवरून.

आता गोम इथे आहे. दोन महिन्यांच्या बाळाची कसली चाचणी घेणार? म्हणून बाळ वर्षाचं होण्याआधी हा दाखला निघत नाही. त्यानंतर ५ वर्षांपर्यंत मिळतो तो तात्पुरता, विकासात एकंदर उशीर आहे अशा शेऱ्याचा, आणि वय वाढेल तशी पुन्हा तपासणी होते. म्हणजे "दाखला आला की सुरू करू" असं ठरवणाऱ्या घराने बाळाचं पहिलं अख्खं वर्ष हातचं घालवलं. आणि नेमकं तेच वर्ष महत्त्वाचं. मृगाचा पाऊस पडून गेला तरी सातबारा हातात नाही म्हणून पेरणी थांबवणारा शेतकरी मी अजून पाहिला नाही. लेकराच्या बाबतीत मात्र भले शिकलेले लोक हे करतात.

हे वर्ष का महत्त्वाचं, तर सगळ्यात आधी हृदयासाठी. डाऊन सिंड्रोमच्या साधारण निम्म्या बाळांना जन्मजात हृदयविकार असतो आणि तो दर वेळी दिसतोच असं नाही. बाळ निळं पडत नाही, रडतं, दूध पितं, फक्त पिताना दमतं, घामाघूम होतं, आणि आजी म्हणते, "अशक्त आहे, होईन पोट्टं मोठं." छिद्र मोठं असेल तर शस्त्रक्रिया पहिल्या काही महिन्यांतच व्हावी लागते. उशीर झाला की फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतला दाब कायमचा चढतो, आणि मग तीच शस्त्रक्रिया करता येत नाही. म्हणून माझा हट्ट एकच: बाकी काही होवो न होवो, पहिल्या महिन्यात २डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. कॅरिओटाइपचा रिपोर्ट यायला वेळ लागतो, त्याचीही वाट पाहायची नाही. त्याच्या जोडीला थायरॉइडची तपासणी, कान आणि डोळे. थायरॉइड एकदा बरोबर आलं म्हणून सोडून द्यायचं नाही, ते वर्षाच्या वर्षाला बघावं लागतं.

हे सगळं जिथून सुरू होतं ती जागा म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र, बोलीत डीईआयसी. चारही अक्षरं नीट उच्चारा. घाईत "डीआयसी" म्हटलं तर ऑटोवाला जिल्हा उद्योग केंद्रात नेऊन सोडतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम (आरबीएसके) २०१३ साली आपल्याच राज्यात पालघरला सुरू झाला, त्याचा हा भाग. त्या कार्यक्रमात जन्मजात व्यंगांची जी यादी आहे, तिच्यात डाऊन सिंड्रोम नावानिशी आहे. दाखल्याच्या यादीत नाव नाही, इथे आहे. इथे बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, बोलणं-ऐकणं बघणारे, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक अशी माणसं एका ठिकाणी असावीत अशी योजना आहे. असावीत म्हणते, कारण एखादं पद रिकामं असणं हे आपल्याकडे नवलाचं नाही. तरी जे असतील त्यांच्याकडून सुरुवात होते. मुख्यतः ६ वर्षांपर्यंतची मुलं इथे बघतात, आणि हृदयाची शस्त्रक्रिया लागली तर मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी आणि मोफत उपचाराची वाट इथूनच निघते.

तिथे नक्की करतात काय? "नुसतं चटईवर लोळवते अन् पाठवते," असं एक बाबा रागावून म्हणाले होते. बरोबर, चटईवरच. बाळाचं अंग ढिलं असतं, पाय बेडकासारखे फाकून पडतात. फिजिओथेरपिस्ट जुन्या लुगड्याची गुंडाळी छातीखाली ठेवून बाळाला पालथं घालते, कोपर खांद्याच्या खाली आणते आणि समोर खुळखुळा धरते. मान उचलायला बाळाला तेवढं कारण पुरतं. मग दोन्ही मांड्यांना बाहेरून कापडाच्या घड्या लावून पाय जवळ कसे आणायचे, दूध पाजताना हनुवटीखाली बोट कसं ठेवायचं, हे आईच्या हातून करून घेते. खरा उपचार हाच, आईच्या हातात उतरलेला. केंद्रात महिन्या-पंधरा दिवसांतून अर्धा तास, घरी रोज, दिवसातून चार वेळा. ज्यांना मशीन, करंट, इंजेक्शन हवं असतं त्यांना हे पटत नाही. ते बुद्धी वाढवायच्या सिरपवर पैसे घालतात. त्या सिरपने काही होत नाही.

केंद्रापर्यंत पोचायची वाट बहुतेकांना उलटी ठाऊक असते. आरबीएसकेच्या आरोग्य पथकाची गाडी अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते, तिची वाट बघत बसू नका. हे पथक ग्रामीण रुग्णालयात किंवा उपजिल्हा रुग्णालयात बसतं. तिथे जाऊन "आरबीएसकेचे डॉक्टर कोण?" असं विचारायचं आणि डीईआयसीची संदर्भ चिठ्ठी मागायची. बाळंतपण जिथे झालं तिथल्या नर्सला, आशाताईला किंवा अंगणवाडी सेविकेला सांगितलं तरी चालतं. कोणीच दाद देत नसेल तर सरळ केंद्रात जा, संदर्भ चिठ्ठी नाही म्हणून परत पाठवत नाहीत. "आधी दाखला काढून आणा" असं खिडकीवरच्या माणसाने सांगितलं, तर तो दुसऱ्या खिडकीचं बोलतो आहे असं समजून आत जा. एका घराला असं सांगून माघारी लावलेलं मी पाहिलं आहे.

अंतराचं दुखणं खरं आहे. धारणीहून अमरावती दीडशे किलोमीटरच्या आसपास, सिरोंचाहून गडचिरोली दोनशेच्या आसपास. मजुरी बुडवून दर आठवड्याला कोण जाणार? म्हणून पहिल्याच खेपेला सांगा की आम्ही लांबून येतो, महिन्याचा घरचा व्यायाम लिहून द्या. आईच्या फोनमध्ये व्हिडिओ काढून घ्या. त्याच दिवशी इको, रक्त, कान असं जे जमेल ते उरकून घ्या. इको तिथे होत नसेल तर नागपूर, सेवाग्राम किंवा सावंगीच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी त्याच दिवशी हातात घेऊनच बाहेर पडा.

आता उलटी गल्लतही असते. डीईआयसीची जाडजूड फाइल घेऊन लोक तहसीलमध्ये जातात आणि बाबूने ती बाजूला सारली की चिडतात. तिथे त्या फाइलला किंमत नाही, कार्डच लागतं. वर्ष भरलं की दाखल्याचा अर्ज करा, दरम्यान व्यायाम चालू ठेवा. कार्ड आल्यावर राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय आरोग्य विम्याचा अर्ज करता येतो. त्याचं संरक्षण १ लाख रुपयांपर्यंत असतं आणि बाहेर घेतलेल्या थेरपीचा खर्चही त्यात धरतात. आयुष्मान कार्ड आहे म्हणून निरामय नको, असं समजू नका.

आणि कार्ड आल्यावर थेरपी बंद करणारी घरं! पैसे सुरू झाले, आता काय, असा भाव. ६ वर्षांनंतर शिक्षण खात्याच्या तालुक्यातल्या गटसाधन केंद्रात माझ्यासारखी विशेष शिक्षिका असते, मूल गावच्याच जिल्हा परिषद शाळेत बसू शकतं, अगदीच जमत नसेल तर घरी येऊन शिकवायची सोय आहे. मोठ्या मुलांसाठी नागपूरला दिव्यांगांचं संमिश्र प्रादेशिक केंद्र, सीआरसी, आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात, त्याचा अर्ज ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा ग्रामसेवक) द्या आणि पोच घ्या. १८ वर्षं पूर्ण झाली की कायद्याने आईबापही आपोआप पालक राहत नाहीत. पालकत्वाचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे करावा लागतो. त्याला मात्र दाखला लागतोच.