एकेका फोटॉनचा पंचनामा

दक्षिण आकाशातल्या फोर्नॅक्स तारकासमूहात एक तुकडा आहे, पौर्णिमेच्या चंद्राआड सहज झाकला जाईल एवढा. नुसत्या डोळ्यांना तिथे काहीच दिसत नाही. 'चंद्रा' ही क्ष-किरण दुर्बीण १९९९ ते २०१६ या काळात पुन्हा पुन्हा तिकडे वळवली गेली. सगळा वेळ जोडला तर सुमारे ७० लाख सेकंद भरतात, म्हणजे ऐंशी दिवस. एवढ्या तपश्चर्येनंतर हजाराच्या वर क्ष-किरण स्रोत हाती लागले, त्यातले बरेचसे म्हणजे दूरदूरच्या दीर्घिकांच्या पोटात बसलेली कृष्णविवरं. आणि त्यातल्या सर्वांत मंद स्रोतांकडून ऐंशी दिवसांत फोटॉन किती आले? जेमतेम दहा-वीस. आठवड्याला एखाद-दुसरा.

दृश्य प्रकाशात काम करणारे खगोलशास्त्रज्ञ हे घाऊक व्यापारी. ताऱ्याकडून फोटॉनांचा लोंढा येतो, तो साठवायचा आणि एकूण माप किती भरलं ते बघायचं. क्ष-किरणवाल्यांचा व्यवहार किरकोळीचा, म्हणून हिशेबही काटेकोर. फोटॉन आला की जागच्या जागी पंचनामा: कुठे पडला, केव्हा पडला, किती ऊर्जा घेऊन आला. गेल्या साठ वर्षांत या शास्त्राने जी मजल मारली तिचं श्रेय लोक अग्निबाणांना देतात, आरशांना देतात. मी त्यातला मोठा वाटा आरशामागे बसून हे तीन रकाने भरणाऱ्या डिटेक्टरला देईन.

एकेक फोटॉन असा हाताळता येतो तो त्याच्या ऊर्जेमुळे. पिवळ्या प्रकाशाच्या फोटॉनकडे दोनेक इलेक्ट्रॉनव्होल्ट (हे अणूंच्या जगातलं ऊर्जेचं माप) ऊर्जा असते, तर क्ष-किरणांच्या फोटॉनकडे काही शे ते हजारो. पिवळा फोटॉन सिलिकॉनवर पडला तर फार तर एक इलेक्ट्रॉन सुटतो. कोणीतरी आलं होतं एवढंच कळतं, किती ऊर्जा होती याचा मागमूस राहत नाही. क्ष-किरणाचा फोटॉन पडला की इलेक्ट्रॉनांचा सडाच पडतो. सडा मोजला की ऊर्जा कळली.

पण त्यासाठी आधी तो फोटॉन डिटेक्टरपर्यंत पोचायला हवा, आणि आड येते ती हवा. हाताच्या पंज्यातून आरपार जाणारा क्ष-किरण हवेने कसा अडतो, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. आपल्या डोक्यावरच्या सगळ्या हवेचं वस्तुमान साधारण दहा मीटर खोल पाण्याइतकं भरतं. एवढ्या पाण्याखालून आकाशातले क्ष-किरण दिसणार नाहीत. म्हणून डिटेक्टर वर न्यावा लागतो.

१८ जून १९६२ च्या मध्यरात्रीच्या सुमारास अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमधून एक एरोबी अग्निबाण सुटला. निमित्त चंद्राचं होतं. सूर्याच्या क्ष-किरणांनी चंद्राची माती उजळते का, हे भौतिकशास्त्रज्ञ रिकार्डो जाकोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना बघायचं होतं. अग्निबाणाच्या पोटात पातळ अभ्रकाची खिडकी असलेले गायगर काउंटर होते. हवेच्या दाट थरावर त्यांना सहा मिनिटंही मिळाली नाहीत. चंद्राचा पत्ता लागला नाही; वृश्चिक राशीच्या दिशेकडून मात्र क्ष-किरणांचा असा मारा आला की काउंटर बिघडलेत की काय अशी शंका यावी. त्या स्रोताला पुढे स्कॉर्पियस एक्स-१ असं नाव पडलं. शेजारच्या ताऱ्याचा वायू ओरबाडणारा तो न्यूट्रॉन तारा, म्हणजे मोठा तारा कोसळून उरलेला घट्ट गोळा आहे. शिवाय काउंटर कुठल्याही दिशेला वळला तरी सगळीकडून एक मंद, सारखी झळाळी येत होती. ही झळाळी कुठून येते हे कोडं पुढे कित्येक वर्षं सुटलं नाही. फोर्नॅक्समधला तो तुकडा आठवतो ना? झळाळीचा बहुतांश भाग अशाच हजारो वेगवेगळ्या कृष्णविवरांचा आहे हे अशा लांबलचक निरीक्षणांतून स्पष्ट झालं. जाकोनींना २००२ साली नोबेल मिळालं. आणि चंद्र? त्याचं क्ष-किरणांतलं चित्र १९९० मध्ये रोसॅट उपग्रहाने काढलं. त्यात सूर्याकडची बाजू उजळलेली आहे, आणि अंधारी बाजू मागच्या त्याच झळाळीला झाकते आहे.

गायगर काउंटर हा गडी तसा भोळा. नळीत वायू, मधोमध तार आणि तारेवर मोठा विद्युतदाब. फोटॉनने वायूतले थोडे इलेक्ट्रॉन सुटे केले की तारेकडे धावताना ते आणखी इलेक्ट्रॉन सुटे करतात आणि कडकडाट होतो. मात्र फोटॉन लहान असो वा मोठा, कडकडाट तेवढाच. म्हणजे ऊर्जेचा रकाना कोराच. दाब जरा कमी ठेवला तर कडकडाट फोटॉनच्या ऊर्जेच्या प्रमाणात होतो. हा झाला प्रपोर्शनल काउंटर. १२ डिसेंबर १९७० रोजी केनियाच्या किनाऱ्याजवळच्या समुद्रातल्या तळावरून असे काउंटर घेऊन 'उहुरू' उपग्रह निघाला. दिवस केनियाच्या स्वातंत्र्याचा होता, म्हणून नाव स्वाहिलीतलं, अर्थ स्वातंत्र्य. उहुरूने ३३९ स्रोतांची यादी केली. त्यातला सेंटॉरस एक्स-३ दर ४.८ सेकंदांनी लुकलुकतो असं दिसलं, आणि न्यूट्रॉन तारा जोडीदाराभोवती फिरता फिरता स्वतःभोवतीही गरगरतो आहे हे त्या ठोक्यांवरून उलगडलं. 'केव्हा' या एका रकान्याची ही कमाई.

या रकान्यात वायूचे डिटेक्टर अजूनही हार जात नाहीत. ते हवे तेवढे मोठे बनवता येतात आणि फोटॉन आल्याची वेळ सेकंदाच्या लाखाव्या भागापर्यंत नोंदवतात. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेल्या अॅस्ट्रोसॅटवर मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेने बनवलेले झेनॉनचे तीन मोठे काउंटर याच कामासाठी होते. त्यातल्या एकाला गळती लागली. वायूच्या डिटेक्टरचं हे जुनं दुखणं आहे: खिडकी क्ष-किरण आत येण्याइतकी पातळ हवी आणि वायू बाहेर न जाण्याइतकी घट्ट.

ऊर्जेच्या बाबतीत मात्र वायू तोकडा पडतो. सहा हजार इलेक्ट्रॉनव्होल्टचा फोटॉन घ्या. आर्गॉन वायूत एक इलेक्ट्रॉन सुटा करायला सरासरी २६ इलेक्ट्रॉनव्होल्ट खर्च होतात, म्हणजे सड्यात सव्वादोनशेच्या आसपास इलेक्ट्रॉन. हा आकडा दर वेळी थोडा कमी-जास्त होतो, वर तारेजवळच्या कडकडाटात आणखी घोळ होतो. शेवटी हाती येणारी ऊर्जा हजारभर इलेक्ट्रॉनव्होल्ट इकडे-तिकडे. सिलिकॉनमध्ये हाच खर्च फक्त ३.६५. त्याच फोटॉनचे सोळाशेच्या वर इलेक्ट्रॉन होतात. दाणे जास्त, त्यामुळे मोजणीतली चूक प्रमाणाने कमी: दीडशे इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आत.

म्हणून कॅमेऱ्यातली प्रकाश टिपणारी सिलिकॉनची सीसीडी चिप क्ष-किरणांच्या कामाला लागली. फरक वापरण्यात आहे. साध्या कॅमेऱ्यात चिपवर प्रकाश भरपूर साठू देतात. इथे चिप दर काही सेकंदांनी रिकामी करायची, म्हणजे चिपवरच्या एका चौकटीत (पिक्सेलमध्ये) फार तर एकच फोटॉन सापडेल. 'चंद्रा' दुर्बिणीच्या चिपला हे चक्र पूर्ण करायला ३.२ सेकंद लागतात. स्रोत फार तेजस्वी असला तर तेवढ्यात दोन फोटॉन एकाच जागी पडतात आणि पंचनाम्यात दोघांऐवजी दुप्पट ऊर्जेचा एकच इसम नोंदला जातो. सगळं शास्त्र फोटॉनांच्या दुष्काळासाठी घडवलेलं, त्याला सुबत्ता मानवत नाही!

ही सुधारणा किती मोलाची होती ते लोखंडाकडे बघून कळतं. लोखंडाचा अणू ६,४०० इलेक्ट्रॉनव्होल्टला क्ष-किरण सोडतो; ऊर्जेच्या आलेखात तिथे एक उभी रेषा दिसते. वायू इतका तापला की अणूचे दोन सोडून बाकी सगळे इलेक्ट्रॉन गळाले, तर तीच रेषा ६,७०० च्या आसपास सरकते. वायूच्या डिटेक्टरला हे दोन धड वेगळे दिसत नव्हते. १९९३ साली निघालेल्या जपानच्या 'अॅस्का' उपग्रहावर सीसीडी होत्या. एमसीजी-६-३०-१५ असं रुक्ष नाव असलेल्या दीर्घिकेतली लोखंडाची रेषा त्यांनी टिपली, तेव्हा ती सरळ उभी न दिसता कमी ऊर्जेच्या बाजूला लांब ओघळलेली दिसली. कृष्णविवराच्या अगदी कडेला फिरणाऱ्या वायूतून निघताना फोटॉन गुरुत्वाकर्षणाशी झगडून ऊर्जा गमावून बसले होते. त्या गमावण्याचा आकार १९९५ मध्ये कागदावर उतरला.

सीसीडीची नाजूक बाजूही लवकरच कळली. 'चंद्रा' दुर्बिणीचे आरसे बादलीसारखे गोल, एकात एक बसवलेले. त्यांच्या आतल्या पृष्ठावर क्ष-किरण अगदी तिरपा घासून जातो. सरळ आदळला तर शोषला जातो, म्हणून ही घसरगुंडी. जुलै १९९९ मध्ये दुर्बीण कक्षेत गेली, आणि थोड्याच आठवड्यांत दहापैकी आठ चिपांची ऊर्जा मोजण्याची ताकद घसरल्याचं लक्षात आलं. पृथ्वीभोवतीच्या प्रारणपट्ट्यांतून जाताना कमी ऊर्जेचे प्रोटॉन त्याच घसरगुंडीवरून थेट चिपांवर येऊन आदळत होते. आरशाने प्रोटॉनांची वाटही इतकी सोपी करून ठेवली असेल असा अंदाज नव्हता. तेव्हापासून पट्टे जवळ आले की चिपा केंद्रबिंदूपासून बाजूला सरकवतात. चिपांचं तापमान उणे १२० अंशांपर्यंत उतरवल्यावर जखम बरीच झाकली गेली. उरलेल्या दोन चिपा उलट्या बाजूने प्रकाश घेणाऱ्या होत्या, त्या बचावल्या.

फोटॉन फारच ऊर्जावान असला तर पातळ सिलिकॉनमधून तो सरळ निघून जातो. तिथे कॅडमियम-झिंक-टेल्युराइडसारखे जड स्फटिक लागतात. अॅस्ट्रोसॅटवर तसा एक डिटेक्टर आहे. एवढ्या ऊर्जेला साधा आरसाही जुमानत नाही, म्हणून डिटेक्टरवर टँटलमची भोकाभोकांची जाळी बसवलेली आहे. तिची सावली कशी पडली त्यावरून स्रोताची दिशा काढायची. या डिटेक्टरने एक जादा काम केलं. फोटॉन कधी कधी एका चौकटीत आपटून शेजारच्या चौकटीत उडी मारतो, आणि ती उडी कुठल्या बाजूला पडते त्यावरून त्याचं ध्रुवीकरण, म्हणजे लहरीच्या थरथरण्याची दिशा कळते. क्रॅब तेजोमेघाच्या बाबतीत हे मोजमाप २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. पंचनाम्याला चौथा रकाना मिळाला. २०२१ च्या डिसेंबरात गेलेला आयएक्सपीई आणि १ जानेवारी २०२४ ला गेलेला एक्सपोसॅट हे उपग्रह मुख्यतः याच रकान्यासाठी बांधले गेले.

आता राहिला माझा सर्वांत लाडका डिटेक्टर. तो इलेक्ट्रॉन मोजतच नाही. तो फोटॉनची ऊब मोजतो.

कल्पना शाळकरी आहे: फोटॉन पदार्थात शोषला गेला की त्याची ऊर्जा उष्णता होते, तापमान किती चढलं ते बघा. मात्र सहा हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणजे एका जूलच्या एकावर पंधरा शून्यांइतक्या भागांपैकी एक. एवढ्याशा उबेने काही हलायचं तर डिटेक्टर चिमुकला हवा आणि कमालीचा थंड हवा, निरपेक्ष शून्याच्या वर ०.०५ अंश फक्त. नासाच्या गोडार्ड केंद्रातल्या आणि विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात हा मायक्रोकॅलरीमीटर सुचवला. कागदावर सगळं जमलं. मग नशिबाचा फेरा सुरू झाला. फेब्रुवारी २००० मध्ये तो घेऊन निघालेला जपानी उपग्रह कक्षेपर्यंत पोचलाच नाही. २००५ मध्ये सुझाकू कक्षेत गेला, पण थंडाव्याचं हेलियम महिन्याभरात उडून गेलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये हितोमी गेला, सगळं सुरळीत चालू झालं, आणि २६ मार्चला, आपण फिरतो आहोत असा उपग्रहाचा गैरसमज झाला. ते फिरणं 'थांबवण्याच्या' खटपटीत तो खरोखरच गरगरला आणि तुटला.

तुटण्याआधी त्याने पर्सियस दीर्घिकासमूहाकडे पाहून घेतलं होतं. तिथला वायू पाच कोटी अंशांच्या घरात तापलेला, आणि मधलं कृष्णविवर त्यात प्रचंड बुडबुडे फुंकतं. वायू चांगलाच घुसळलेला असेल अशी अटकळ होती. घुसळण जितकी जास्त तितकी लोखंडाची रेषा फुगते; ती किती फुगली आहे ते मोजल्यावर घुसळणीचा वेग निघाला सेकंदाला १६४ किलोमीटर. बुडबुडे एवढे मोठे, पण वायू बऱ्यापैकी निवांत. एक फोटॉन पाच इलेक्ट्रॉनव्होल्टच्या अचूकतेने मोजता आला म्हणूनच हे कळलं.

सप्टेंबर २०२३ मध्ये त्याचा वारस एक्सरिझम गेला. त्याच्या डिटेक्टरमध्ये ३६ चौकटी आहेत, प्रत्येक एका मिलिमीटरहूनही लहान. पस्तीस आकाशाकडे बघतात. छत्तिसावीला आकाश दिसतच नाही. तिच्यासमोर लोह-५५ या किरणोत्सारी लोखंडाचा कण ठेवलेला असतो, आणि ती दिवसरात्र त्याच्याकडून येणारे ५,९०० इलेक्ट्रॉनव्होल्टचे ओळखीचे फोटॉन मोजत बसते. थंडीत किंचित फरक पडला की तिचा आकडा सरकतो आणि बाकीच्यांच्या हिशेबात किती दुरुस्ती करायची ते ठरतं.

विघ्न इथेही आलंच. डिटेक्टरसमोरची झडप कक्षेत उघडेना. तिच्यातली बेरिलियमची पाव मिलिमीटर जाडीची खिडकी १,७०० इलेक्ट्रॉनव्होल्टखालचे फोटॉन जवळजवळ सगळे गिळते. पण लोखंडाच्या रेषा त्याच्या बऱ्याच वर आहेत, तिथलं काम अडलं नाही. पीडीएस ४५६ हा क्वासार, म्हणजे कृष्णविवरामुळे झळाळणारं दूरच्या दीर्घिकेचं केंद्र बघा. त्याच्या कृष्णविवराजवळून जोरदार वारा सुटतो हे आधीच्या चिपांनी दाखवलं होतं; त्यांच्या आलेखात वाऱ्याने फोटॉन शोषल्याचा एक रुंद, पसरट खळगा होता. एक्सरिझमच्या ३५ चौकटींनी तोच खळगा पुन्हा मोजला, तर तो एकाला एक लागून असलेल्या पाच खळग्यांचा निघाला: वायूचे पाच वेगवेगळे लोट, प्रत्येकाचा वेग निराळा, प्रकाशाच्या वेगाच्या वीस ते तीस टक्के.