सीलिएक जीवोतक परीक्षा, लहान मुलांतील

सीलिएक रोगाच्या निदानासाठी लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातील, म्हणजे ग्रहणीतील, अस्तराचे सूक्ष्म तुकडे दुर्बिणीवाटे काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याची पद्धती. गहू, सातू (जव) व राय या धान्यांतील ग्लूटेनमुळे प्रतिरक्षा यंत्रणा आतड्याच्या अस्तरावरच उलटते आणि अस्तरावरील रसांकुर (अन्नरस शोषणारे बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे) झिजतात, हे या रोगाचे मूळ होय. बोलीभाषेत या परीक्षेला ‘दुर्बीण घालून तुकडा काढणे’ असे म्हणतात. तुकडा म्हटला की घरात कर्करोगाची धास्ती घेतली जाते. या परीक्षेचा त्या रोगाच्या शोधाशी संबंध नाही.

रोगाचे पहिले वर्णन कोणाचे, याविषयी एकमत नाही. कॅपाडोशियाचा ग्रीक वैद्य अरिटीयस (इ. स. पहिले किंवा दुसरे शतक) याने पोटाच्या दीर्घ विकाराला दिलेल्या विशेषणावरून आजचे नाव आले, हे सर्वमान्य आहे, मात्र त्याचे रुग्ण याच रोगाचे होते असे ठामपणे म्हणता येत नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील ग्रहणीरोगाशीही सीलिएकचा संबंध जोडला जातो. ग्रहणी ही संज्ञा अनेक अतिसारांना व्यापणारी असल्याने हे समीकरण स्वीकारण्यास पुरेसा आधार दिसत नाही. लहान मुलांतील विकाराचे निःसंदिग्ध आधुनिक वर्णन सॅम्युएल गी यांनी १८८८ मध्ये केले. गव्हाचा दोष डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९५० च्या प्रबंधात मांडला.

तुकडा घेण्याच्या तंत्राचा इतिहासही असाच वादाचा आहे. शवविच्छेदनात दिसणारी रसांकुरांची झीज ही मृत्यूनंतरच्या कुजण्याचा परिणाम असावी, असे पूर्वी समजत. १९५४ मध्ये जॉन पॉली यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी जिवंत रुग्णांकडून घेतलेल्या नमुन्यांत तीच झीज दाखवली आणि ती शंका फिटली. तोंडावाटे नळी घालून आतड्याचा तुकडा घेण्याचे श्रेय सामान्यतः मार्गोट शायनर (१९५६) यांना दिले जाते. परंतु अर्जेंटिनातील रॉयर व सहकाऱ्यांनी १९५५ मध्येच ग्रहणीतून नमुने मिळवले होते, तेव्हा शायनर यांचे अग्रस्थान त्यापुढील आतड्यापुरते मानणे अधिक योग्य ठरेल. १९५७ मध्ये क्रॉस्बी व कुग्लर यांनी गिळता येणारी धातूची कुपी तयार केली. क्ष-किरणांच्या साहाय्याने तिची जागा पाहून नळीने हवा ओढली की अस्तर कुपीच्या छिद्रात शिरे आणि आतील पाते ते कापी. लहान मुलांसाठी तिची छोटी आवृत्ती निघाली, तरी ती योग्य जागी पोहोचेपर्यंत बराच वेळ थांबावे लागे, मिळणारा तुकडा बहुधा एकच असे, आणि तान्ह्या बाळांत आतड्याला छिद्र पडल्याच्याही नोंदी आहेत. आजची दुर्बीण तपासणी या सर्वांपेक्षा सौम्य आहे.

युरोपीय बालपोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या जुन्या निकषांनुसार (१९६९ ची बैठक) तीन वेळा तुकडे घ्यावे लागत : गहू चालू असताना, बंद केल्यावर आणि पुन्हा सुरू केल्यावर. १९९० मध्ये एक पुरेसा ठरला. २०१२ पासून, लक्षणे व या रोगाशी निगडित जनुके असलेल्या मुलांत टीटीजी-आयजीए (या रोगात रक्तात वाढणारी, आयजीए या प्रकारची प्रतिपिंडे) सामान्य मर्यादेच्या दहापट किंवा अधिक असून दुसऱ्या रक्तनमुन्यात ईएमए ही दुसरी प्रतिपिंड चाचणीही होकारार्थी आली, तर तुकड्याविना निदान मान्य होऊ लागले. २०२० च्या सुधारणेत या मार्गाच्या अटी आणखी सैल झाल्या. मात्र वेगवेगळ्या किटची सामान्य मर्यादा वेगळी असल्याने ‘दहापट’ या शब्दाचा अर्थ प्रयोगशाळेगणिक बदलतो. आपल्याकडे तर कुपोषण, जिआर्डिया (आतड्यातील एक परजीवी) व क्षय यांमुळेही अस्तर खराब होऊ शकते, म्हणून सीमारेषेवरील आकड्यांत तुकडा पाहणेच इष्ट. रक्तात एकूण आयजीए कमी असल्यास टीटीजी-आयजीए फसवते, ही बाब आधीच तपासलेली असावी.

परीक्षेचे यश बऱ्याच अंशी घरच्या ताटावर अवलंबून असते. निदान पक्के होईपर्यंत गहू बंद करू नये. बंद केल्यास अस्तर भरून येऊ लागते आणि अहवाल भ्रामक ठरू शकतो. कोल्हापूर परिसरात हा प्रश्न वेगळ्याच रीतीने उभा राहतो : शाळूची भाकरी, भात व नाचणीचे सत्त्व यांत ग्लूटेन नसते, त्यामुळे पोट बिघडलेल्या मुलाला ‘हलके’ म्हणून हेच पदार्थ दिले जातात आणि गहू नकळत सुटतो. उलट टोस्ट, खारी, शेवया, रव्याची खीर यांत तो असतोच. एकदा सोडलेला गहू तपासणीपुरता पुन्हा सुरू करणे पाच वर्षांखालील मुलांत शक्यतो टाळतात.

तपासणीपूर्वी घन आहार व वरचे दूध साधारणतः सहा तास, अंगावरचे दूध सुमारे चार तास बंद ठेवतात. साधे पाणी एक-दोन तास आधीपर्यंत चालते, पण अंतिम सूचना भूलतज्ज्ञांची. दूध पातळ असले तरी या हिशेबात ते अन्नच होय. गंगावेशीतील धारोष्ण दुधाच्या कोल्हापूर शहरात हे मुद्दाम सांगावे लागते. बालपोटविकारतज्ज्ञासाठी पुण्याला (सुमारे २३० किमी) जावे लागल्यास उपवासाची वेळ प्रवासाशी जुळवून घ्यावी लागते.

एक ते तीन वर्षांच्या मुलास पूर्ण भूल किंवा गाढ गुंगी देतात. पुष्कळदा नाकातोंडावर मुखवटा धरून आधी झोपवतात व मग शिरेत सुई लावतात. मूल झोपेपर्यंत आई-वडिलांना जवळ थांबू देणे हे रुग्णालयाच्या पद्धतीवर अवलंबून असते. १० किलोपेक्षा कमी वजनाच्या बालकांत ६ मिमी किंवा त्याहून बारीक दुर्बीण वापरतात. झीज सर्वत्र सारखी नसल्याने ग्रहणीच्या पुढील भागातून किमान चार व सुरुवातीच्या फुगीर भागातून किमान एक असे तुकडे घेतात. प्रत्येक तुकडा काही मिलिमीटरचा असतो. अस्तराला कापल्याची वेदना होत नाही, टाके लागत नाहीत, आणि प्रत्यक्ष काम बहुधा दहा-वीस मिनिटांत आटोपते.

शुद्धीवर येताना मूल रडते व चिडचिडते. घसा किंचित दुखतो, पोट फुगल्यासारखे वाटते. बहुतेक मुले त्याच दिवशी घरी जातात. रक्तस्राव, आतड्याला छिद्र किंवा ग्रहणीच्या भित्तीत रक्त साकळणे विरळा घडते; तथापि न थांबणारी पोटदुखी, वारंवार उलटी, ताप किंवा काळी शी दिसल्यास ताबडतोब रुग्णालय गाठावे.

फॉर्मॅलिन या टिकाऊ द्रावणात ठेवलेले तुकडे मेणात बसवून त्यांचे पातळ काप घेतात. काप तिरका गेल्यास निरोगी रसांकुरही आखूड दिसतात, म्हणून तुकडा बसवण्याच्या दिशेला फार महत्त्व आहे. मायकेल मार्श यांच्या १९९२ च्या वर्गीकरणात पहिली पायरी अस्तरात लसीका कोशिका (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) वाढण्याची, दुसरी रसांकुरांखालील ग्रंथी लांबण्याची व तिसरी रसांकुर झिजण्याची. तिसरीचे ओबरहुबर यांनी १९९९ मध्ये अ, ब, क असे भाग केले. मार्श यांची १०० पेशींमागे ४० लसीका कोशिकांची मर्यादा आता बहुधा २५ धरतात. केवळ पहिल्या पायरीवरून निदान करू नये. अहवालास काही दिवस लागतात. डॉक्टरांनी वेगळे सांगितल्याशिवाय तोवर गहू चालूच ठेवावा.