उथळ कुंडीतलं पाणी खाली का जात नाही?

बोन्सायवरचा कुठलाही व्हिडिओ लावा, एक सल्ला हमखास कानावर पडतो : निचरा चांगला व्हावा म्हणून कुंडीच्या तळाशी खडीचा जाड थर द्या. खडीतून पाणी भराभर वाहून जाताना सगळ्यांनी पाहिलेलं असतं, त्यामुळे शंका घ्यायचं कुणाच्या मनातही येत नाही. पण उघड्यावरची खडी आणि मातीखाली दडपलेली खडी सारखी वागत नाही. खोल कुंडीत हा सल्ला फार तर निरुपयोगी ठरेल. उथळ कुंडीत मात्र तो झाडाच्या मुळावर येतो.

आधी दोन गैरसमज बाजूला करू. बोन्साय ही झाडाची जात नव्हे. 'बोन्सायच्या बिया' म्हणून पाकिटं विकली जातात त्यांत साध्या झाडांच्याच बिया असतात, आणि जमिनीत लावल्या तर त्यांचे चांगले उंच वृक्ष होतात. (निळ्या-जांभळ्या पानांचे फोटो असलेल्या पाकिटांबद्दल न बोललेलंच बरं.) दुसरं म्हणजे, हे झाड उपाशी ठेवून खुजं केलेलं नसतं. त्याला खत, ऊन, पाणी सगळं व्यवस्थित मिळतं. लहान ठेवते ती फांद्यांची आणि मुळांची छाटणी. पानं बरीच लहान करता येतात, फुलं-फळं मात्र फारशी आकसत नाहीत. म्हणूनच डाळिंबाच्या बोन्सायला लागलेलं फळ झाडाच्या मानाने भलंमोठं दिसतं. हिरोशिमातल्या यामाकी कुटुंबाकडचा एक पाइन १६२५ पासून कुंडीत वाढतोय असं मानतात. १९४५ च्या अणुबॉम्बमधून तो वाचला, १९७६ मध्ये जपानने तो अमेरिकेला भेट दिला आणि आज तो वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वनस्पती उद्यानात उभा आहे. उपाशी झाड इतकी वर्षं काढत नाही. बोन्साय घरात असलं की घरातल्यांची प्रगती खुंटते असं सांगणाऱ्यांना काय म्हणावं? इथे झाडाचीच वाढ खुंटलेली नसते; दर हंगामात नवी फूट येते, म्हणून तर कात्री हातातून सुटत नाही.

खरी अडचण कुंडीत आहे. कुंडीची खोली साधारण बुंध्याच्या जाडीइतकी असावी, असा एक ढोबळ संकेत बोन्साय करणारे पाळतात. त्यामुळे झाड विस्तीर्ण जमिनीवर उभं असल्यासारखं दिसतं. डोळ्यांना हे फार सुंदर वाटतं. मुळांना ते किती महागात पडतं ते समजायला स्पंजचा एक प्रयोग करून बघा.

स्पंजचा आयताकृती तुकडा पाण्यात पूर्ण भिजवा आणि आडवा धरून बाहेर काढा. थोडा वेळ पाणी गळेल, मग थांबेल. आता तो अजिबात न पिळता उभा करा. पाणी पुन्हा गळायला लागेल! स्पंज तोच, छिद्रं तीच, गुरुत्वाकर्षणही तेच. बदलली ती फक्त उंची.

शाळेत शिकलेलं केशाकर्षण आठवा. बारीक नळीत पाणी आपोआप वर चढतं, आणि नळी जितकी बारीक तितकं जास्त चढतं. जेम्स ज्युरिन यांनी १७१८ मध्ये मांडलेला हा नियम आकड्यांत सोपा आहे : नळीचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या आणि ३० ला त्याने भागा, स्वच्छ काचेच्या नळीत पाणी साधारण तितके मिलिमीटर चढेल. व्यास १ मिमी असेल तर ३ सेंटिमीटर, ०.१ मिमी असेल तर ३० सेंटिमीटर. मातीच्या कणांमधल्या फटी म्हणजे अशाच वेड्यावाकड्या नळ्या. त्या जसं पाणी वर ओढतात तसंच वरून ओतलेलं पाणी धरूनही ठेवतात. पृष्ठताणाचा जोर जितक्या उंचीचा पाण्याचा स्तंभ पेलू शकतो, तितकं पाणी भोकातून बाहेर पडतच नाही. म्हणजे निचरा पूर्ण झाल्यावरही तळाशी पाण्याने गच्च भरलेला एक थर उरतो. त्याची उंची फटींच्या आकारावर ठरते, कुंडीच्या खोलीवर नाही.

आता समजा, एखाद्या मातीत हा थर ८ सेंटिमीटरचा आहे. ३० सेंटिमीटर खोल कुंडीत मुळांना वर २२ सेंटिमीटर मोकळी जागा मिळेल. त्याच मातीने ५ सेंटिमीटर खोल कुंडी भरली तर ती वरपर्यंत चिंब राहील. तळाला आणखी भोकं पाडून फरक पडत नाही. स्पंजला तर चारही बाजूंनी भोकंच असतात, तरी आडवा असताना त्याने पाणी धरलंच होतं.

खडीचंही तेच. बारीक फटीतलं पाणी मोठ्या फटीत सहजी उतरत नाही, कारण मोठ्या फटीची ओढ कमी असते. गच्च थर खडीच्या वर, मातीतच बसतो. पाच सेंटिमीटरच्या कुंडीत दीड सेंटिमीटर खडी टाकली की मातीची खोली उरते साडेतीन. म्हणजे आपणच कुंडी आणखी उथळ करून ठेवली.

पाणी जास्त झालं तर बिघडतं कुठे? मुळंही श्वसन करतात. त्यांना ऑक्सिजन लागतो, आणि पाण्यातून त्याचं विसरण (म्हणजे आपोआप पसरणं) हवेच्या तुलनेत सुमारे १०,००० पट हळू होतं. ऑक्सिजन असला की ग्लुकोजच्या एका रेणूपासून पेशीला एटीपीचे, म्हणजे ऊर्जा पुरवणारे, सुमारे ३० रेणू मिळतात, नसला की किण्वनातून जेमतेम २. ऊर्जेची अशी वानवा झाली की पेशीतली आम्लता वाढते. पेशीच्या पटलात पाण्याची ने-आण करणारी प्रथिनं असतात, त्यांना ॲक्वापोरिन म्हणतात. आम्लता वाढली की त्यांची दारं बंद होतात. परिणाम चक्रावणारा आहे : मुळं पाण्यात बुडालेली आणि पानं तहानेने माना टाकलेली. मालक ते बघतो आणि अजून पाणी घालतो.

बोन्साय करणारे बागेतली माती टाळतात आणि खड्यांसारखं काहीतरी वापरतात ते याचसाठी. जपानमधली अकादामा ही भाजल्यासारखी दिसणारी ज्वालामुखीजन्य माती, प्युमिस हा हलका, सच्छिद्र ज्वालामुखीजन्य दगड, लाव्हाचे तुकडे; दाणे साधारण ३ ते ५ मिमीचे. दाण्यांमधल्या फटी मोठ्या, म्हणून तळाचा गच्च थर पातळ राहतो आणि वर हवा खेळते. दाणा स्वतः मात्र आतून सच्छिद्र असतो. त्या सूक्ष्म छिद्रांत पाणी साठतं आणि तंतुमुळं ते तिथून घेतात. हवेची सोय एका मापाच्या फटीत, पाण्याची दुसऱ्या मापाच्या! मला तर बोन्सायमधला सगळ्यात देखणा भाग हाच वाटतो. यात दाणे चाळून घेणं टाळून चालत नाही, कारण चाळला न गेलेला भुगा मोठ्या फटी बुजवतो आणि सगळं गणित पुन्हा बागेतल्या मातीवर येतं. अकादामा काही वर्षांत विरघळल्यासारखी होऊन भुगा होते, मुळंही फटी भरून टाकतात. दर दोन ते पाच वर्षांनी कुंडी रिकामी करून मुळं छाटावी लागतात आणि माध्यम बदलावं लागतं, त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

प्रदर्शनाच्या वेळी हे सगळे नियम थोडे वाकवले जातात. टोकियोत १९३४ पासून भरणारं कोकुफू प्रदर्शन या क्षेत्रात सर्वांत मानाचं. अशा प्रदर्शनांसाठी झाड अनेकदा रोजच्या कुंडीतून काढून खास दर्शनी कुंडीत ठेवतात आणि मातीवर शेवाळ अंथरतात. शेवाळ सुंदर दिसतं, पण वरचा थर ओला ठेवतं आणि माती किती वाळली ते कळू देत नाही. त्यामुळे प्रदर्शन संपलं की पुष्कळजण ते उचलून टाकतात.

पाऊस सतत लागला की या कलेत मुरलेले लोक कुंडीच्या एका टोकाखाली लाकडाचा ठोकळा सरकवतात. स्पंज उभा केला तेच हे, फक्त अर्धवट. पाण्याची पातळी आडवीच राहते, कुंडी तिरकी होते, आणि गच्च थर खालच्या कोपऱ्यात पाचरीसारखा गोळा होतो. कोपऱ्यापासून वरच्या टोकापर्यंतची उंची वाढल्यामुळे बरंचसं पाणी भोकातून निथळून जातं. भोक मात्र खालच्या बाजूला यायला हवं.