कापसाचा विमा आणि केळीचा विमा

'विमा आला का भाऊ?' हा प्रश्न उन्हाळ्यात जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-चोपड्याकडे कोणीही कोणाला विचारतो. खरं तर आधी विचारायला हवं, कोणता? कोरडवाहू तुकड्यात कापूस आणि विहिरीजवळ केळी असेल, तर त्या घराचे विमे दोन असतात. अर्ज एकाच केंद्रावर भरलेले, पैसे येणार एकाच खात्यात, म्हणून बहुतेकांच्या डोक्यात दोन्हींची खिचडी झालेली असते. मग कापसाची आशा केळीच्या नियमांवर धरली जाते आणि केळीची कापसाच्या.

कापूस येतो प्रधानमंत्री पीक विमा योजनेत. ही योजना 2016च्या खरिपापासून सुरू आहे. या योजनेत पाऊस किती पडला यावर भरपाई ठरत नाही, पीक किती आलं यावर ठरते. तेही तुमच्या शेतातलं नाही, अख्ख्या महसूल मंडळाचं, म्हणजे आसपासच्या काही गावांच्या गटाचं. मंडळातल्या काही निवडक शेतांत पीक कापणी प्रयोग होतात, म्हणजे ठरलेल्या तुकड्यातलं पीक काढून तोलतात, त्यावरून सरासरी काढतात आणि ती 'उंबरठा उत्पादना'शी ताडून बघतात. उंबरठा म्हणजे मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांची सरासरी आणि तिचे 70 टक्के.

नुसत्या उदाहरणासाठी आकडे धरू. पाच वर्षांची सरासरी हेक्टरी 10 क्विंटल, म्हणजे उंबरठा 7. यंदा मंडळाची सरासरी 7.2 भरली. पीक पाव हिश्श्याहून जास्त घटलं, घराचं वर्ष बसलं, पण विमा शून्य. तीच सरासरी 5.6 भरली असती तर उंबरठ्याच्या 20 टक्के तूट धरली असती. हेक्टरी 60,000 रुपयांचं संरक्षण असेल तर 12,000 मिळाले असते. 'माझं तर सगळंच गेलं' याला या हिशेबात जागा नाही. शेजारच्या गावांचं बरं पिकलं तर तुमचं नुकसान सरासरीत विरून जातं. एक गोष्ट मात्र या पद्धतीच्या बाजूची आहे. पीक का घटलं हे ती फारसं विचारत नाही. पावसाचा खंड पडो, अतिवृष्टी होवो की गुलाबी बोंडअळी येवो, मंडळाचं उत्पादन पडलं की तूट धरली जाते.

केळीचं उलट आहे. ती हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत येते, आणि तिथे घड किती भरला हे कोणी तोलत नाही. मंडळातलं स्वयंचलित हवामान केंद्र काय नोंदवतं, त्यावर सगळं चालतं. अलीकडच्या अटी साधारण अशा राहिल्या आहेत: हिवाळ्यात पारा सलग तीन दिवस 8 अंशांवर किंवा त्याखाली गेला, उन्हाळ्यात ठरलेल्या मर्यादेपलीकडे सलग काही दिवस राहिला, किंवा मार्च ते जुलैदरम्यान वारा ताशी 40 किलोमीटरच्या पुढे गेला, तर भरपाई. आकडे आणि मुदती दरवर्षीच्या शासन निर्णयात वाचून घ्याव्यात, ऐकीव माहितीवर जाऊ नये. थंडी आणि उन्हासाठी कोणाला काही कळवावं लागत नाही, केंद्राची नोंद पुरते. वारा आणि गारपीट यांचं तसं नाही, ते 72 तासांच्या आत कळवावं लागतं. गारपिटीचं संरक्षण तर वेगळा हप्ता भरून घ्यायचं असतं. बाग आडवी झालेली बघून माणूस आधी मजूर शोधतो आणि तीन दिवस असेच जातात. माझ्या मते या योजनेतला सगळ्यात महाग क्षण तोच.

आता याची दुसरी बाजू. पारा 8.4 वर थांबला आणि तुमची सखल भागातली बाग गारठली, तर घड झाडातच अडकला तरी केंद्राच्या लेखी काही घडलंच नाही. ढगाळ हवेत कुकुंबर मोझॅक विषाणू पसरला आणि रोपं उपटून फेकावी लागली, तरी तेच. कापसाच्या विम्यात रोगाने घटलेलं पीक मोजलं जातं, केळीच्या विम्यात ते दिसतही नाही. शिवाय केळीचं संरक्षण 1 नोव्हेंबर ते 31 जुलै असं चालतं. तापीकाठी सप्टेंबरमध्ये बागेत पाणी साचून मुळं कुजली, तर ते दिवस विम्यात बसत नाहीत. तिथे उरतो तलाठ्याचा पंचनामा आणि सरकारी मदत. ही मदत म्हणजे विमा नव्हे. तिला हप्ता लागत नाही, पण 33 टक्के नुकसानीची अट असते आणि रक्कम निविष्ठांच्या खर्चाच्या जवळपासही क्वचितच जाते.

घराला फरक पडतो तो पैसा कधी येतो याने. कापसाच्या वेचण्या जानेवारीपर्यंत चालतात, त्यानंतर आकडे जुळतात, म्हणून पैसा आलाच तर पुढच्या पेरणीच्या तोंडाशी येतो. तोवर मुलाची फी, दवाखाना आणि दुकानदाराची उधारी थांबत नाही. मग शेळी विकली जाते नाहीतर कानातलं गहाण पडतं. केळीत भांडवल फार जास्त अडकतं: ऊतिसंवर्धित रोपं, ठिबक, खतं. निसवणीच्या, म्हणजे घड बाहेर पडण्याच्या वेळी वादळ आलं तर तोवरचा सगळा खर्च एका संध्याकाळी झोपतो, आणि पावसाळ्याच्या तोंडी लावायच्या पुढच्या मृगबागेच्या रोपांचे पैसे जून-जुलैतच द्यायचे असतात.

आणखी एक बदल बऱ्याच जणांपर्यंत पोचलेला नाही. राज्यात 2023च्या खरिपापासून असलेला एक रुपयातला पीक विमा 2025च्या खरिपापासून बंद झाला. आता शेतकऱ्याचा हिस्सा खरिपाच्या अन्नधान्य आणि गळीत (तेलबियांच्या) पिकांना कमाल 2 टक्के, कापसासारख्या नगदी पिकाला कमाल 5 टक्के. त्याच वेळी राज्याने स्थानिक आपत्तीच्या वैयक्तिक तक्रारीवर भरपाई देणं काढून टाकलं आणि सगळा भार पीक कापणी प्रयोगावर ठेवला. म्हणून 'कापसात पाणी साचलं, कंपनीला फोन लाव' हा जुना सल्ला त्या हंगामापासून कापसाला लागू राहिला नाही. केळीवाल्याने मात्र वादळाच्या रात्रीच फोन लावावा.