कॅरिबियन रिसॉर्टचे शेअर: इमारत कुणाची, बोर्ड कुणाचा

कॅरिबियन रिसॉर्टचा शेअर घ्यावा का हा प्रश्न हल्ली आपल्याकडेही निघतो, कारण रिझर्व्ह बँकेच्या एलआरएसमध्ये, म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या योजनेत, माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात, अमेरिकन शेअर मोबाइलवरून घेता येतो, आणि निळ्याशार पाण्याचे फोटो बघितले की हात शिवशिवतातच. मग कुणीतरी म्हणतं, अरे पण तिथे वादळं किती येतात, आणि विषय तिथेच संपतो. वादळाचा धोका आहेच, पण या धंद्याचा पंच्याहत्तर वर्षांचा मागोवा घेतला तर मला त्याच्याही आधी एक गोष्ट बघावीशी वाटते, ती म्हणजे हॉटेलची इमारत कुणाच्या नावावर आहे आणि दारावरचा बोर्ड, म्हणजे ब्रँड, कुणाचा आहे. बहुतेक वेळा हे दोघे वेगळे असतात, आणि फटका बसतो तो इमारतवाल्याला.

सुरुवात पोर्तो रिकोपासून. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या सरकारला बेटावर उद्योग आणायचे होते, त्यात पर्यटनही आलं, पण समुद्रकाठी मोठं हॉटेल बांधायला पैसे घालणार कोण? शेवटी सरकारी कंपनीनंच सान हुआनमध्ये तीनशे खोल्यांचं हॉटेल बांधलं आणि चालवायला अमेरिकन हॉटेलवाल्या कॉनराड हिल्टनला दिलं. 1949 च्या डिसेंबरमध्ये कारीब हिल्टन उघडलं. ठरलं होतं असं की चालवण्यातून जो नफा होईल त्याचा दोन तृतीयांश हिस्सा सरकारला आणि बाकीचा हिल्टनला. इमारतीत हिल्टनचा पैसा जवळजवळ नाहीच! हा फॉर्म्युला त्याला इतका आवडला की पुढे परदेशात हिल्टन पसरलं ते मुख्यतः दुसऱ्याच्या इमारतींवर.

क्यूबात याची दुसरी बाजू दिसली. हवाना हिल्टन उघडलं मार्च 1958 मध्ये, आणि ते बांधलं होतं क्यूबातल्या हॉटेल-खानावळ कामगारांच्या पेन्शन फंडाच्या पैशातून. म्हणजे वेटर आणि आचारी लोकांची म्हातारपणाची पुंजी त्या टॉवरमध्ये गेलेली. वर्षभराच्या आत क्रांती करून फिडेल कास्ट्रो हवानात आला, त्यानं काही महिने मुक्काम ठोकला तो याच हॉटेलात, आणि 1960 मध्ये हॉटेल सरकारजमा होऊन त्याचं आबाना लिब्रे झालं. हिल्टनचंही नुकसान झालं, नाही असं नाही, पण त्याची बाकीची हॉटेलं जगभर चालू होती, पेन्शन फंडाकडे तसं दुसरं काय होतं!

सामान्य माणसाला शेअर बाजारातून या धंद्यात शिरता आलं ते बहामातून, आणि तेही एका पेंट कंपनीमुळे. बहामाची राजधानी नासाऊच्या समोर हॉग आयलंड नावाचं बेट होतं, डुकरांचं बेट. अमेरिकन वारसदार हंटिंग्टन हार्टफर्डनं ते 1959 मध्ये घेतलं, नाव बदलून पॅरडाइज आयलंड केलं आणि त्यावर भरपूर पैसा ओतला, पण जमलं नाही. 1966 मध्ये त्यातला मोठा हिस्सा मेरी कार्टर पेंट या कंपनीनं घेतला, हो, रंगाचे डबे विकणारी कंपनी. दोन वर्षांत तिनं रंगाचा धंदाच विकून टाकला आणि रिसॉर्ट्स इंटरनॅशनल हे नाव घेतलं. हॉटेल, बेटावर जायचा पूल, कॅसिनो सगळं चालू होतं, पण शेअर खरा उसळला तो 1978 मध्ये, अमेरिकेतल्या अटलांटिक सिटीत त्यांचा कॅसिनो उघडला तेव्हा, म्हणजे बेटामुळे नाहीच. लोक मात्र धडाधड घेत सुटले.

या कंपनीत दोन प्रकारचे शेअर होते, लोकांकडे होते त्याला एक मत आणि घरच्या लोकांकडे होते त्याला शंभर मतं. कंपनी चालवणारे जेम्स क्रॉस्बी 1986 मध्ये गेले, त्यांच्या वारसांकडचे शंभर मतांचे शेअर पुढच्या वर्षी डोनाल्ड ट्रम्पनं घेतले आणि कंपनी त्याच्या हातात गेली, बाकी शेअरहोल्डर बघत बसले. 1988 मध्ये टीव्हीवाला मर्व ग्रिफिन मध्ये पडला, भाव वाढला, त्यानं कर्जावर कर्ज काढून कंपनी घेतली, आणि 1989 संपता संपता दिवाळखोरी. ज्यांनी ग्रिफिनला शेअर विकले ते सुटले आणि ज्यांच्याकडे बाँड होते, म्हणजे ज्यांनी कंपनीला कर्ज दिलं होतं, ते अडकले. म्हणून सांगतो, अशा कंपनीत मतांचा हक्क कसा वाटलाय हे वाचल्याशिवाय भाव बघण्यात काही अर्थ नाही.

मग आला दक्षिण आफ्रिकेचा सॉल कर्झनर. त्यानं 1994 मध्ये पॅरडाइज आयलंड घेतलं, त्याच वर्षाअखेर तिथे अटलांटिस हे रिसॉर्ट उघडलं, 1998 मध्ये ते गुलाबी रॉयल टॉवर्स उभे केले, ज्यांचा फोटो आता सगळ्यांनी पाहिलेला असतो. कंपनी न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजवर होती, आधी सन इंटरनॅशनल हॉटेल्स आणि 2002 पासून कर्झनर इंटरनॅशनल. 2006 मध्ये कर्झनर बापलेक आणि त्यांच्याबरोबरच्या गुंतवणूकदारांनी शेअरमागे 81 डॉलर देऊन ती बाजारातून काढून घेतली, अर्थात मोठं कर्ज काढून. दोन वर्षांत मंदी आली, नोव्हेंबर 2008 मध्ये अटलांटिसनं आठशेच्या आसपास कामगार कमी केले, आणि 2012 मध्ये हॉटेल गेलं सावकाराकडे, म्हणजे कॅनडाच्या ब्रुकफील्डकडे, थकलेल्या कर्जाच्या बदल्यात. तोवर एकही मोठं वादळ हॉटेल पाडून गेलं नव्हतं. कर्जानं गेलं ते.

छोट्या बेटांची गोष्ट थोडी वेगळी आहे. बार्बाडोसमध्ये आल्मंड रिसॉर्ट्स ही कंपनी तिथल्या बाजारात लिस्टेड होती, तिचं मोठं हॉटेल 2012 मध्ये बंद पडलं, शेकडो लोकांची नोकरी गेली. त्याच बेटावरची एलिगंट हॉटेल्स 2015 मध्ये लंडनच्या एम (AIM) या छोट्या कंपन्यांच्या शेअर बाजारात आली, शंभर पेन्सला शेअर. हॉटेलं चांगली होती, पश्चिम किनाऱ्यावर मोक्याची जागा, गल्ला मात्र बराचसा ब्रिटिश पाहुण्यांवर. जून 2016 मध्ये ब्रेक्झिटचा निकाल लागला, पाउंड आपटला, बार्बाडोसचा डॉलर अमेरिकन डॉलरला बांधलेला, त्यामुळे ब्रिटिश कुटुंबाला तीच खोली रातोरात महाग झाली आणि शेअर खाली आला. ना वादळ, ना क्रांती, लंडनमधलं मतदान! शेवटी 2019 मध्ये मॅरियट या अमेरिकन हॉटेल कंपनीनं 110 पेन्स देऊन कंपनीच घेतली. चार वर्षांत दहा टक्के आणि मधला डिव्हिडंड, आणि काही महिन्यांतच कोविड. शेअरहोल्डरांचं नशीबच म्हणायचं.

आता अलीकडची आणि या विषयात सगळ्यात उपयोगाची केस, प्लाया हॉटेल्स अँड रिसॉर्ट्स. मेक्सिको, डॉमिनिकन रिपब्लिक आणि जमैकात ऑल इन्क्लुझिव्ह रिसॉर्ट, म्हणजे राहणं-खाणं-पिणं एकाच पैशात, बोर्ड हयात किंवा हिल्टन या अमेरिकन हॉटेल कंपन्यांचे, इमारती मात्र प्लायाच्या स्वतःच्या. मार्च 2017 मध्ये ती अमेरिकेच्या नॅसडॅक शेअर बाजारात आली, तीही एका स्पॅकमधून, म्हणजे आधी लोकांकडून दहा डॉलरनं पैसे गोळा करून ठेवायचे आणि मग धंदा शोधायचा अशी कंपनी. 2018 मध्ये जमैकाच्या सॅजिकोर ग्रुपची हॉटेलं घेतली, काही पैसे रोख आणि दोन कोटी शेअर. 2019 मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये काही अमेरिकन पर्यटक दगावले, अमेरिकेत टीव्हीवर आठवडेच्या आठवडे तेच चालू, बुकिंग रद्द व्हायला लागली. मग मार्च 2020, सगळी रिसॉर्ट बंद, शेअर दोन डॉलरच्याही खाली. नवं कर्ज काढून आणि स्वस्तात नवे शेअर विकून कंपनी तगली, म्हणजे जुन्या शेअरहोल्डरचा वाटा पातळ झाला.

2025 मध्ये हयातनं 13.50 डॉलरनं प्लाया विकत घेतली. आता हिशोब करा, दहाचे साडेतेरा, सव्वाआठ वर्षांत, डॉलरमध्ये वर्षाला चार टक्केसुद्धा नाहीत. आपल्या माणसानं 2017 ला डॉलर 65 रुपये असताना घेतला असता आणि 86 ला सोडला असता तर सात टक्क्यांच्या थोडं वर पडलं असतं, त्यातही निम्मं काम रुपयाच्या घसरणीनं केलेलं. टॅक्स आणि बँकेचे चार्जेस वेगळेच. आणि मधे ऐंशी टक्क्यांपेक्षा जास्त पडझड पोटात घालायची. एवढ्यासाठी?

खरी गंमत पुढे आहे. हयातनं प्लायाच्या इमारती ठेवायच्या म्हणून घेतल्याच नव्हत्या. सौदा पुरा होतोय न होतोय तोच तिनं त्या इमारती साधारण दोन अब्ज डॉलरला टॉर्टुगा नावाच्या खाजगी कंपनीला विकायचा करार जाहीर केला, हॉटेलं चालवायचं काम मात्र बहुतेक ठिकाणी स्वतःकडेच ठेवून. आणि 28 ऑक्टोबर 2025 ला मेलिसा हे पाचव्या श्रेणीचं वादळ जमैकाच्या पश्चिम भागावर येऊन धडकलं, तिथली हॉटेलं बंद ठेवावी लागली. टॉर्टुगाचा सौदा म्हणजे कारीब हिल्टनचा जुनाच फॉर्म्युला, फक्त सरकारच्या जागी प्रायव्हेट इक्विटी, म्हणजे खाजगी गुंतवणूकदारांचा पैसा.

वादळाचं गणितही इमारतवाल्याचंच. मोसम 1 जून ते 30 नोव्हेंबर, आणि कमाईचा काळ नाताळ ते एप्रिल, त्यामुळे सप्टेंबरमध्ये छप्पर उडालं तर ख्रिसमसच्या आत दुरुस्ती होणं अवघड आणि वर्षाची कमाई गेली. विमा असतो, पण वादळाच्या विम्यात पहिला तोटा मालकानं सोसायचा असतो आणि तो बऱ्याचदा विम्याच्या रकमेच्या काही टक्के असा ठरलेला असतो, शंभर दशलक्षच्या मालमत्तेला पाच टक्के म्हणजे पाच दशलक्ष आधी खिशातून. नेव्हिसचं फोर सीझन्स 2008 च्या ओमार वादळानंतर बंद झालं ते 2010 च्या डिसेंबरला उघडलं. तोवर कर्जाचं व्याज काही थांबत नाही.

मग आज घेण्यासारखं काय उरलंय? सँडल्स ही रिसॉर्टची साखळी मालक कुटुंबाकडेच आहे, रिऊ, बार्सेलो, इबेरोस्टार हे स्पेनचे मोठे लोकही घरगुतीच, अटलांटिस आणि बहामातलंच दुसरं रिसॉर्ट बाहा मार खाजगी हातात. शेअर मिळत नाही म्हणून थेट खोल्या विकणारेही झाले, हार्लेक्विन नावाच्या कंपनीनं हजारो ब्रिटिश लोकांना, त्यात पेन्शनचे पैसे घेऊन आलेले कितीतरी, न बांधलेल्या कॅरिबियन रिसॉर्टमधल्या खोल्या विकल्या, तिच्या प्रमुखाला 2022 मध्ये बारा वर्षांची शिक्षा झाली. हयात किंवा मॅरियट घेतलं तर कॅरिबियन त्यात चिमूटभर. जवळचं नाव माद्रिदच्या बाजारातली स्पॅनिश हॉटेल कंपनी मेलिया, 1990 पासून क्यूबात आहे आणि तिथली हॉटेलं सरकारी मालकीची, मेलिया बहुतेक चालवायचंच काम करते. म्हणजे माझ्याच हिशोबानं सुरक्षित. पण 2019 मध्ये ट्रम्प सरकारनं हेल्म्स-बर्टन या क्यूबाविरुद्धच्या अमेरिकन कायद्यातलं बरीच वर्षं थोपवून ठेवलेलं कलम चालू केलं, क्रांतीत गेलेल्या मालमत्तेवरून जुन्या मालकांच्या वारसांना दावे लावायची मुभा मिळाली, आणि पुढच्या वर्षी मेलियाच्या प्रमुखालाच अमेरिकेत यायला बंदी झाली.